शके कोणाचे? इसिकच्या टेकाडांमध्ये एक दिवस

भाचीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होते. "शके १९४६ नीट बघ गं, छापणारे हमखास आकडा चुकवतात," ताईनं बजावलं होतं. आकडा बरोबर होता, पण माझी नजर त्याच्या आधीच्या शब्दावर अडकली. मुंज असो की सत्यनारायण, संकल्पात हा शब्द येतोच. शालिवाहनाचं नाव त्याला पुष्कळ नंतर जोडलं गेलं. जुन्या शिलालेखांत नुसतं 'शकवर्ष', 'शककाल' असं येतं. इसवी सन ७८ पासून आपण ज्यांच्या नावानं वर्षं मोजतोय ते लोक मुळात कोण, हे मला शाळेच्या पुस्तकातल्या 'परकीय टोळ्या' या दोन शब्दांपलीकडे ठाऊक नव्हतं. लग्न पार पडलं आणि त्या शकांचा माग काढत मे महिन्यात मी कझाकस्तानातल्या अलमाटीला गेले.

कझाकस्तानला जायला आपल्याला चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, एवढं सांगून प्रवासाच्या तयारीचा विषय संपवते. शहराच्या मुख्य चौकात उंच खांबावर पंख असलेला हिमबिबट्या आणि त्याच्यावर टोकदार टोपी घातलेला तरुण उभा आहे. त्या तरुणाचं मूळ गाव पाहायचं होतं.

इसिक अलमाटीच्या पूर्वेला साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. उजव्या हाताला इले अलाताऊची बर्फाची रांग सतत सोबत असते आणि डावीकडे सपाट, हिरवा माळ. या मुलखाला जेतीसू म्हणतात, म्हणजे सात नद्यांचा प्रदेश. गावाजवळ येताच माळावर गोलसर टेकाडं दिसू लागली. गवत वाढलेली, लांबून अगदी नैसर्गिक वाटणारी. ही कुर्गानं, म्हणजे शकांच्या समाध्या. पहिल्याजवळ गेल्यावर मी चप्पल काढली. कोणी सांगितलं नव्हतं, पण पायात ठेववेना.

१९६९ साली इथलं असंच एक टेकाड बांधकामाच्या आड येत होतं, म्हणून केमाल अकिशेव यांच्या नेतृत्वाखाली ते खणलं गेलं. उंची सहा मीटर, व्यास साठ मीटर. मधली मुख्य कबर चोरांनी प्राचीन काळीच रिकामी केली होती. पण मध्यापासून दक्षिणेला सुमारे पंधरा मीटरवर लाकडी ओंडक्यांची दुसरी खोली होती आणि तिला कोणाचाही हात लागलेला नव्हता. आत एक सांगाडा आणि त्याच्या अंगावर व आसपास सोन्याचे सुमारे चार हजार तुकडे. काळ इसवी सनापूर्वी चौथं-तिसरं शतक. शेजारी तलवार, कट्यार, ब्राँझचा आरसा, लाकडाची आणि मातीची भांडी, आणि चांदीची एक वाटी. वाटीवर कोरलेली छोटीशी ओळ आजही पूर्ण खात्रीनं वाचता येत नाही.

संग्रहालयात त्या सोन्यानं मढलेल्या पोशाखाची प्रतिकृती आहे आणि सगळे तिच्यासमोर फोटो काढतात. मलाही भुरळ पडली. ती उंच, निमुळती टोपी पाहून इराणच्या सम्राट दारयवहूचे शिलालेख आठवले. त्यांत 'टोकदार टोप्यांचे शक' असा वेगळा उल्लेख आहे. पण मी आले होते हाडांची गोष्ट ऐकायला, आणि माझ्या मते सोन्यापेक्षा तीच जास्त श्रीमंत आहे.

मानववंशशास्त्रज्ञ ओराझाक इस्मागुलोव यांनी सांगाड्याचं वय सोळा ते अठरा ठरवलं. वाढत्या वयात लांब हाडांची टोकं मधल्या दांड्याशी पुरती जुळलेली नसतात. ती कुठवर जुळली यावरून आणि दातांवरून वय बरंच अचूक सांगता येतं. मुलगा की मुलगी, हे मात्र अवघड. तो फरक मुख्यतः कटीच्या हाडांवरून कळतो आणि या वयात तो पूर्ण उमटलेला नसतो. त्यात हा सांगाडा नाजूक बांध्याचा. जगानं त्याला 'सुवर्णपुरुष' म्हटलं. पुढे जीनिन डेव्हिस-किंबॉल या संशोधिकेनं मांडलं की ही योद्धा-पुजारीण असावी. संग्रहालय दाखवणाऱ्या मुलीला मी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "माझ्या आजीला ती मुलगीच वाटते." मला तिची आजी फार आवडली.

शक आले कुठून, या प्रश्नाला गेल्या काही वर्षांत जनुकांनी उत्तर दिलंय. कानाच्या आतल्या भागाभोवती कवटीचं एक अतिशय घट्ट हाड असतं. बाकी सांगाड्याची माती झाली तरी त्यात डीएनए टिकतो. २०२१ साली मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या १११ प्राचीन माणसांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की शकांची घडण तीन बाजूंनी झाली: ब्राँझयुगात पश्चिमेकडून पसरलेले पशुपालक, मंगोलिया-सायबेरियाकडचे लोक आणि दक्षिणेकडच्या मरूद्यानांतल्या शेतकऱ्यांशी नातं सांगणारा एक प्रवाह. तिएन शान पर्वताकडच्या शकांत हा दक्षिणेचा वाटा जास्त. म्हणजे ज्यांना आपण एका टोळीचं नाव दिलं, ते मुळातच मिसळलेले लोक होते.

आणि दात! दातावरचं कवच लहानपणी तयार होतं, मग बदलत नाही. ज्या खडकांवरचं पाणी मूल प्यायलं, त्यांच्यातल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याची खूण तिथं राहते. ती खूण कबरीच्या जागेशी जुळली नाही, तर माणूस बाहेरून आलेला. हाडांतला कार्बन खाणं सांगतो. जेतीसूच्या लोकांच्या हाडांत वरईच्या कुळातल्या एका बारीक धान्याची खूण सापडते. आपली ज्वारी-बाजरी कार्बनची जी खूण सोडते, तीच हे धान्य सोडतं. येताना वाटेत लागलेल्या तालगारजवळ तुझूसाई इथं तर त्या काळातली कच्च्या विटांची घरं आणि गहू, सातू मिळालेत. नुसते घोड्यावर बसून फिरणारे शक माझ्या डोक्यातून तिथंच उतरले. काही जण पेरत होते, काही जण उन्हाळ्यात कळप घेऊन जायलाउवर, म्हणजे डोंगरातल्या कुरणांवर जात होते. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरणारे आपले धनगर ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

या हाडांपासून नाशिकपर्यंत थेट धागा कोणी ओढू नये, मीही ओढत नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात युएची या भटक्या लोकांनी रेटल्यामुळे शक दक्षिणेला सरकले, आजच्या सीस्तानला त्यांचं नाव मिळालं, पुढे ते सिंध, गुजरात, माळवा असे उतरले. ती वाट पिढ्यान् पिढ्यांची. आपल्या भागावर राज्य केलेला शक राजा नहपान, त्याच्या घराण्यातल्या कोणाचं हाड आपल्याकडे नाही. आहेत ती त्याची नाणी. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांवर सापडली, बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. इसिकला उलटं आहे. तिथं माणूस आहे, पण त्याचं नाव सांगणारं काही नाही.

परतल्यावर पहिल्याच रविवारी नाशिकची त्रिरश्मी लेणी, म्हणजे पांडवलेणी, चढले. दहाव्या लेण्यात नहपानाच्या जावयाचा लेख आहे. उषवदात, म्हणजे ऋषभदत्त. त्यानं तीन लाख गाई दान दिल्याचं कोरलंय. याआधी दोनदा हा लेख पाहिला होता, दोन्ही वेळा गाईंवरच थांबले होते. या वेळी नावं वाचली. सासरा नहपान, वडील दीनीक, ही इराणी वळणाची. मुलगा ऋषभदत्त आणि त्याची बायको, नहपानाची लेक, दक्षमित्रा. एका पिढीत!

खाली पाथर्डी फाट्याकडून गाड्यांचा आवाज येत होता. मी दक्षमित्रेचं नाव बोटानं हवेत गिरवलं आणि ताईला फोन लावला.