चाळीस जणांची गच्ची, एकटीचं छत

डोंबिवलीतल्या त्या सोसायटीत मला बोलावलं होतं रंगकामाच्या कोटेशनसाठी. इमारतींची दुरुस्ती हा माझा धंदा. जून लागल्यावर रंगाची चौकशी करणारी सोसायटी भेटली, की ‘आता दिवाळीनंतर बघू’ एवढंच सांगायला जावं लागतं. पण गेटवर सेक्रेटरींच्या आधी वॉचमननेच गाठलं. "साहेब, आधी वर चला. चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे सीलिंग पडलंय."

अख्खं नव्हतं पडलं. पंख्याशेजारचा ताटाएवढा पोपडा पडला होता. पण नेमका दिवाणावर, आणि त्याच दिवाणावर काकू दुपारच्या जेवून आडव्या होतात. त्या दिवशी पासबुक भरायला बँकेत गेल्या होत्या. चादरीवर सिमेंटची ढेकळं, वर सळया उघड्या, एकीवर तर गंजाचे पापुद्रे सुटलेले. हातोडीने बाकीचं सीलिंग वाजवून पाहिलं. धड काँक्रीट टणटण वाजतं, सुटलेलं भद्द वाजतं. निम्मा हॉल भद्द वाजत होता.

"ओल येतेय म्हणून कधीची सांगतेय," काकू म्हणाल्या. "कुणीतरी येतं, फोटो काढतं, ग्रुपवर टाकतं. खाली सगळ्यांचे हात जोडलेले येतात. झालं."

गच्चीची किल्ली मागितली, तर ती कुणाकडे आहे यावरच चर्चा सुरू झाली. एकतीस डिसेंबरला मुलांनी वर धिंगाणा घातला, म्हणून कमिटीने कुलूप ठोकलं होतं. किल्ली सेक्रेटरींच्या कपाटात, आणि झाडूवाल्याला ती मागायची सवय नाही. म्हणजे तेव्हापासून गच्चीवर केरसुणी लागलेलीच नाही. टाकी साफ करणारे एकदा येऊन गेले, तेही टाकीपुरतेच.

दार उघडलं आणि समोर तळं. पाऊस सकाळीच थांबला होता, पण चार-चार बोटं पाणी तसंच उभं. तीन हजार चौरस फुटांची गच्ची, चार बोटं पाणी, हिशेब केला तर वीस टनांच्या आसपास वजन होतं. खजिनदारांना हा आकडा सांगितला तेव्हा ते नकळत दाराच्या उंबऱ्यावर मागे सरकले.

पँट दुमडून आत शिरलो. रेनवॉटर पाइपचं तोंड कोपऱ्यात असतं. जाळी केव्हाच कुणीतरी काढून टाकलेली. हात घातला तर आधी कबुतराची पिसं आणि विष्ठेचा चिखल, मग मांजाचा गुंता, मग वेफर्सचं पाकीट, आणि तळाशी वाळूसिमेंटचा गोळा. डिश अँटेना बसवणाऱ्याने उरलेला माल तिथेच ओतला असणार. तो गोळा छिन्नीने फोडला तसं पाइपने मोठा घोट घेतला आणि पाणी गरगरत खाली जायला लागलं. काम दहा मिनिटांचं. दुसऱ्या पाइपच्या तोंडाशी वीतभर पिंपळ उगवला होता. वरून खुडला तर पुन्हा फुटतो, मूळ खणून काढावं लागतं, आणि तोपर्यंत ते मूळ भेगेत पाचर मारत राहतं. एक आजोबा म्हणाले, पिंपळ तोडू नये, मुंजा असतो. म्हटलं, याच्यावर अजून मुंजा चढण्याएवढी फांदी नाही, कुंडीत लावून देवळात नेऊन ठेवू. ते त्यांना पटलं.

तळं ओसरलं, पण काकूंचं छत त्याने सुधारणार नव्हतं. जुन्या गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा असतो, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर. डिशचे बोल्ट त्यातून आरपार ठोकलेले. कोब्यात एकदा पाणी शिरलं, की वर कोरडं ऊन पडलं तरी तो ते आठवडेच्या आठवडे धरून ठेवतो आणि खाली स्लॅबमध्ये झिरपवतो. सळईखालचं काँक्रीट जेमतेम पाऊण इंच. सळई गंजली की तो गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो, आणि काँक्रीटला आतूनच ढकलून फोडतो. खालून कितीही पुट्टी भरा, ती पुट्टी पोपड्याबरोबर खाली येते. काकूंनी स्वखर्चाने दोनदा भरून घेतली होती.

संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून बैठक बसली. पहिलंच वाक्य, "टॉप फ्लोअरचा प्रॉब्लेम आहे, टॉप फ्लोअरने बघावं." हे मी जवळजवळ प्रत्येक सोसायटीत ऐकतो. बाथरूमचं आतलं लीकेज असेल तर ते ज्याचं त्याने करायचं, पण गच्चीतून येणारं पावसाचं पाणी सोसायटीने बघायचं, असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतच, म्हणजे नमुना नियमांतच, लिहिलंय. त्यासाठीच बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, घ्यायचा असतो. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तिशीनंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी. ही इमारत सव्वीस वर्षांची, ऑडिट एकदाही नाही. कुणी बेजबाबदार होतं असं मला वाटत नाही. चाळीस घरांपैकी बहुतेकांना गच्ची म्हणजे काय ते आपल्या डोक्यावर दिसतच नाही, आणि मतं त्यांचीच जास्त.

कुणीतरी जुनी मिनिट्स काढली. झाडूवाल्याने गच्ची झाडायचे महिन्याला पाचशे रुपये जादा मागितले होते, ते ‘सर्वानुमते’ नामंजूर. माझा अंदाज लाखाच्या पुढचा होता. सुटलेलं काँक्रीट तोडायचं, सळया घासून गंजरोधक लावायचं, गरज पडेल तिथे नव्या सळया जोडायच्या, पॉलिमर मॉर्टर भरायचं, आणि वरचा कोबा दोन ठिकाणी उकरून नवा करायचा. तेही आत्ता नाही, स्लॅब वाळल्यावर. तोवर हॉलमध्ये लोखंडी टेकू. काकूंनी फक्त एवढंच विचारलं, टेकूंमधून टीव्ही दिसेल ना?

त्या रात्री ठरलं ते असं. गच्चीची एक किल्ली वॉचमनकडे, दोन्ही पाइपांना जाळ्या, पाऊस लागण्याआधी आणि पावसाळाभर दर रविवारी तोंडं साफ, डिशवाल्यांना बोल्ट ठोकायला बंदी, स्टँड ठेवून वर वजन. झाडूवाल्याचे पाचशे मंजूर.

निघताना खजिनदार स्कूटरपर्यंत सोडायला आले. "ते रंगाचं कोटेशन मात्र द्या हं," म्हणाले. "पुढच्या वर्षी रेट वाढतील."