टाचेवरचा तीळ

उन्हाळ्यात माझ्या तळपायांची फार आग होते. ताई आली की काशाची वाटी घेऊन बसते. तूप काळं होईपर्यंत पाय घासायचे, मग फडक्यानं पुसून घ्यायचे, ही तिची पद्धत. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये तिनं माझी डावी टाच तीनदा पुसली आणि म्हणाली, "अगं, हे काळं निघत नाहीये."

टाचेच्या आतल्या बाजूला तुरीच्या डाळीपेक्षा जरा मोठा डाग होता. मध्ये तपकिरी, एका टोकाला शाई पसरल्यासारखा काळा. तो आधीपासून होता का, हे मला काही केल्या आठवेना. पायावर तीळ म्हणजे प्रवासाचा योग, असं आई म्हणायची, पण ती हाच तीळ पाहून म्हणायची का, हे विचारायला आता आई नाही.

घराजवळच्या दवाखान्यात कुरूप असेल म्हणून कॉर्न कॅप लावायला सांगितली. मी पंधरा दिवस लावली. त्या पंधरा दिवसांची हळहळ अजून जात नाही. कुरपाची कातडी कडक होते, दाबलं की दुखतं. माझ्या डागाला यातलं काहीच नव्हतं.

शेवटी कर्वे रस्त्यावरच्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी डर्मोस्कोप टाचेला टेकवला, फोटो काढला आणि स्क्रीनवर मोठा करून दाखवला. तळव्याच्या कातडीवर बोटांच्या ठशांसारख्या रेघा असतात. माझं माहेर बारामतीकडचं, उसाच्या शेतातलं, त्यामुळे मला त्या थेट सरी-वरंब्यासारख्या दिसल्या. तसं म्हटल्यावर मॅडमनी तेच शब्द धरले. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत उतरतो, मेलॅनोमाचा, म्हणजे कातडीच्या रंगपेशींच्या कर्करोगाचा, वरंब्यावर चढतो. वरंबा ओळखायचा कसा, तर घामाची छिद्रं त्यावर असतात, पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीसारखी. माझ्या डागात दोन्ही होतं. बराचसा रंग सरीत, पण काळ्या टोकाला वरंब्यावरही. मेलॅनोमा आपल्याकडे कमी आढळतो, पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ऊन लागत नाही अशा जागी कसली भीती, असंच मी समजत होते.

पूर्ण डाग काढून बायोप्सीला पाठवला. टाचेवर टाके, त्यामुळे तीन आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही. वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जायचे, तेवढंच.

रिपोर्ट आला तो धड इकडचा ना तिकडचा. एका पॅथॉलॉजिस्टचं मत साधा पण वेगळ्या ठेवणीचा तीळ, दुसऱ्यांना मेलॅनोमाची शंका. सूक्ष्मदर्शकाखाली काही तीळ असे दिसतात की जाणकारांचंही एकमत होत नाही. मॅडम म्हणाल्या, "ताई, याच तुकड्यावर फिश नावाची जनुकीय तपासणी करून घेऊ आणि स्लाइड्स मुंबईला टाटा मेमोरियलमध्येही दाखवू."

जनुकीय तपासणी म्हटल्यावर घरात वेगळीच धास्ती पसरली. भावाचा फोन आला, "मग आपल्या मुलींनाही होईल का?" जनुकीय म्हणजे आनुवंशिक, असं सगळ्यांनीच धरलं होतं. ही तपासणी रक्ताची नव्हतीच. ती त्या डागातल्या पेशींची होती. पेशींमध्ये जन्मानंतर काय बदललं, एवढंच ती पाहते. घराण्यात चालत येणारे मेलॅनोमा थोडेच असतात. हे मी भावाला, वहिनीला, ताईला वेगवेगळं समजावलं, आणि समजावताना मलाच थोडा धीर येत गेला.

यांनी रात्रभर वाचून 'बीआरएएफ' नावाच्या जनुकातल्या बदलाचं नाव काढलं होतं. त्यावर मॅडमनी सांगितलं ते मला सगळ्यात नवल वाटलं. तो बदल साध्या तिळांमध्येही सर्रास सापडतो, त्यामुळे तीळ की कर्करोग हे त्यावरून ठरत नाही. मेलॅनोमा पक्का झाला तर औषध निवडताना तो कामाला येतो. अमेरिकेतल्या भाच्यानं चिकटपट्टीच्या तपासणीचं सुचवलं, पट्टी लावून कातडीचे वरचे कण काढायचे आणि त्यात दोन जनुकं पाहायची. पण ती तळव्यासाठी नाही.

फिशमध्ये ठरावीक जनुकांना चमकणारे रंग लावतात आणि पेशी मोजतात. माझ्या तपासणीत सहाव्या आणि अकराव्या गुणसूत्रांवरच्या जागा होत्या. निरोगी पेशीत प्रत्येक रंगाचे दोन ठिपके. मेलॅनोमात बहुधा कुठे जास्त, कुठे कमी. पण तुकड्याचे इतके पातळ काप घेतात की काही पेशी मध्येच कापल्या जातात आणि एकच ठिपका दिसतो. म्हणून एक-दोन पेशींवर निकाल देत नाहीत, कितीतरी पेशी मोजतात.

यासाठी मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा लागतो. हे आम्हाला माहीत नव्हतं आणि लॅबच्या खिडकीवरच्या मुलानं फक्त रंगवलेल्या स्लाइड्स दिल्या. ब्लॉक देत नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी मॅडमची चिठ्ठी, लेखी अर्ज, सही, तेव्हा मिळाला. हे तो हातात घेऊन घरी आले. काड्यापेटीहूनही लहान प्लास्टिकची चौकट, कडेला नंबर, पांढऱ्या मेणात तपकिरी कण. मी तो बराच वेळ उजेडात धरून बसले. माझ्याच टाचेचा तुकडा होता तो. गरम गाडीत विसरू नका, एवढं मी यांना चारदा बजावलं. अर्धं काम पुण्यात झालं, स्लाइड्स घेऊन हे डेक्कन क्वीननं दादरला गेले.

विमा कंपनीनं फिशचे पैसे नाकारले. त्यावर भांडायची ताकद तेव्हा नव्हती.

तपासणीत बदल सापडला नाही. 'प्रेम' (PRAME) नावाचं एक रंजन, म्हणजे तुकड्याला खास रंग देऊन पाहायची तपासणी असते, मेलॅनोमात ते बहुतेकदा भरभरून उमटतं, तेही उमटलं नाही. मुंबईचं मतही तिळाच्या बाजूनं आलं. मला वाटलं, सुटले. मॅडमनी मात्र खुर्ची जवळ ओढली आणि सावकाश सांगितलं की फिश निगेटिव्ह आलं म्हणजे कर्करोग नाहीच, असं त्या लिहून देणार नाहीत. काही मेलॅनोमांतही हे ठिपके दोन-दोनच दिसतात. सूक्ष्मदर्शक, फिश, रंजन, डागाचा फोटो, सगळं एकत्र ठेवून त्यांना तो तीळ वाटतो. म्हणून कडेची थोडी कातडी आणखी काढायची आणि दर सहा महिन्यांनी पाय दाखवायचे. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

दुसऱ्यांदा काढलेल्या कातडीत काही निघालं नाही. ब्लॉक परत मागून घेतला, तो आता कपाटात रिपोर्टांच्या फाइलसोबत डबीत आहे. ताई वाटी घेऊन बसली की आधी टॉर्च मागते. माझे दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं बघते, मग स्वतःचा पाय माझ्यापुढे करते.