बारा नंबरच्या रिपोर्टवर खूण नव्हती

गणपती जाऊन चार-पाच दिवस झाले होते. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, खासगी रुग्णालयाच्या फिमेल वॉर्डात मी नाईटला होते. सोळा खाटांपैकी नऊ डेंग्यूच्या. सोबतीला एक ज्युनिअर सिस्टर आणि एक मावशी. त्या दिवसांत वॉर्डात एकच शब्द कानावर पडायचा, प्लेटलेट. जिन्यात उभे राहून नातेवाईक फोनवर एकमेकांना आकडे सांगत, रक्तपेढीत कुणाची ओळख आहे का विचारत.

बारा नंबरवर चौतीस वर्षांची, द्राक्षबागेत कामाला जाणारी बाई होती. वजन ४६ किलो. तापाचा पाचवा दिवस, आमच्याकडे येऊन दोन दिवस झालेले. दुपारी तिचा ताप उतरला तेव्हा सासूने हात जोडून भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या देवीला नमस्कार केला होता, असं मावशीने मला हँडओव्हरच्या वेळी सांगितलं.

नऊच्या सुमारास सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा रिपोर्ट आला. प्लेटलेट ४२ हजार, दाखल झाली त्या दिवशी ९१ हजार होत्या. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. त्याला धीर द्यायला म्हणून मी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघा भाऊ, हिमोग्लोबिन १२.९ आहे. एकदम नॉर्मल. घाबरू नका." त्याच्या खालीच पीसीव्ही होतं, म्हणजे रक्तात पेशींचा वाटा किती ते, ३९. शेजारी छापलेली मर्यादा ३६ ते ४६. आकड्यापुढे जास्त असल्याचा एच नाही, कमी असल्याचा एल नाही. मी रिपोर्ट फाइलला लावला आणि पुढच्या खाटेकडे वळले. त्या वाक्याची रुखरुख मला अजून आहे.

अकरा वाजता बीपी घ्यायला गेले तर ती कूस बदलत कण्हत होती. पोटात वरच्या बाजूला दुखतंय म्हणाली. दोनदा उलटी झाली होती, पण "सिस्टर कामात आहेत" म्हणून सासूने सांगितलंच नव्हतं. मनगट धरलं तर हात गार. ताप नाही, पंखा एकवर, आणि हात माठासारखा गार. नाडी ११६. बीपी १०४/८६. ज्युनिअर म्हणाली, "मॅडम, बीपी तर आहे चांगलं." वरचा आकडा चांगला होताच, पण वरच्या-खालच्यात फक्त १८ चं अंतर उरलं होतं, जे एरवी चाळीसच्या आसपास असतं. अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख गुलाबी व्हायला मनात एक, दोन, तीन, चार मोजावे लागले. लघवी कधी झाली विचारलं तर सासू म्हणाली, "चहाच्या वेळेला गेली होती, तेवढीच."

मी काउंटरवर येऊन फाइल उघडली आणि त्या रात्री पहिल्यांदाच मागचं पान उलटलं. दाखल झाली तेव्हाचा रिपोर्ट: हिमोग्लोबिन १०.३, पीसीव्ही ३१. दोन्ही आकड्यांपुढे एल. आपल्याकडच्या कितीतरी बायकांसारखी ती मुळातच रक्ताने कमी होती. मग दोन दिवसांत १०.३ चं १२.९ झालं कसं? रक्ताची अख्खी पिशवी चढवली तरी हिमोग्लोबिन जेमतेम एक ग्रॅमने वाढतं, आणि हिला तर एक थेंबही दिलेला नव्हता.

रक्त वाढलं नव्हतं, रक्तातलं पाणी गेलं होतं. डेंग्यूत ताप उतरायच्या सुमारास बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, पातळ भाग बाहेर, पोटात आणि छातीत जाऊन बसतो आणि पेशी आत दाटतात. पीसीव्ही ३१ वरून ३९ म्हणजे पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढ, आणि वीस टक्क्यांनाच आम्हाला सावध व्हायला शिकवलेलं आहे. जिचं मूळचं पीसीव्ही ४० आहे तिचं ५० झालं असतं, तर कागदावर एच उमटला असता आणि लॅबवाल्याने स्वतः फोन केला असता. हिचं ३१ चं ३९ झालं आणि ते थेट नॉर्मलच्या चौकटीत येऊन बसलं. ती चौकट बनते निरोगी माणसांच्या आकड्यांतले मधले पंच्याण्णव टक्के धरून. बारा नंबरच्या खाटेवरची बाई परवा कशी होती, हे त्या चौकटीला कुठून ठाऊक असणार?

आरएमओ सरांना, म्हणजे निवासी डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता, "प्लेटलेट किती?" मी म्हणाले, "सर, ब्लीडिंग कुठेच नाही. पण पीसीव्ही ३१ चं ३९ झालंय, बीपी १०४/८६ आहे, हात गार आहेत, सात तासांत लघवी नाही." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "आलोच."

ते येईपर्यंत मी डाव्या हातातून रक्त घेतलं. उजव्या हाताला सलाईन होतं. घाईत त्याच हातातून सॅम्पल घेतलं तर सलाईन मिसळून पीसीव्ही खोटंच कमी दिसतं, आणि अशा रात्री खोटा कमी आकडा फार महागात पडतो. दंडाची पट्टी लगेच सोडली, जांभळ्या झाकणाची ट्यूब आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी केली आणि मावशीला लॅबकडे धाडलं. आकडा आला ४०.

सरांनी रिंगर लॅक्टेटचं सलाईन तासाभरात साडेचारशे मिली द्यायला सांगितलं. तो तास मी खाटेजवळून हलले नाही. दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, नख. नवरा पायथ्याशी उभा. "प्लेटलेट आणायला जाऊ का?" त्याने तीनदा विचारलं. रक्तस्राव नसताना ४२ हजाराला प्लेटलेट चढवायची गरज नसते, आत्ता हिला पाणी हवंय, एवढंच मी त्याला सांगू शकले. साडेबाराला बीपी १०८/७८, नाडी १००. सलाईनचा वेग कमी केला. दोन वाजता पीसीव्ही ३६. साडेतीनला तिने बेडपॅन मागितलं. दोनशे मिली, गर्द पिवळी. मी तो आकडा इनटेक-आउटपुटच्या तक्त्यात लिहिला तेव्हा माझाच हात थरथरत होता.

तिसऱ्या दिवशी झिरपणं थांबलं. बाहेर गेलेलं पाणी परत रक्तात यायला लागलं की सलाईन बंद करावं लागतं, नाहीतर तेच फुप्फुसात साठतं. तसं ते बंद केलं. ती पोटभर मऊ भात जेवली, लघवी भरपूर, तळहातांना खाज. प्लेटलेट २८ हजारांपर्यंत उतरून आपल्या आपण वर निघाल्या होत्या. सकाळचा रिपोर्ट घेऊन नवरा धावत काउंटरवर आला. "सिस्टर, हिमोग्लोबिन परत १०.४ झालं! एल छापलंय बघा."

मी त्याला खुर्चीवर बसवलं, तिन्ही रिपोर्ट ओळीने मांडले आणि पीसीव्हीच्या आकड्यांभोवती पेनने गोल केले. ३१, ३९, ३२. "हे शेवटचं चांगलं आहे," मी म्हणाले. "मधलं वाईट होतं. मी त्या रात्री तुम्हाला चुकीचं सांगितलं." तो बराच वेळ कागदांकडे बघत राहिला. मग त्याने मोबाईल काढून तिन्हींचा एकत्र फोटो घेतला.

डिस्चार्जच्या कागदावर सरांनी तीन महिन्यांच्या लोहाच्या गोळ्या लिहिल्या होत्या. चहाबरोबर घेऊ नका, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या, असं मी तिला दोनदा सांगितलं, आणि एकदा सासूला.