दहा वाजता माइक बंद झाला

मागच्या हिवाळ्यात नागपुरातल्या एका संगीत महोत्सवात मी स्वयंसेवक होते. नव्या कलाकारांसाठी म्हणून दुपारचे दोन तास राखून ठेवले होते. ती पोरं जीव ओतून गात होती आणि समोर संध्याकाळच्या मुख्य कार्यक्रमासाठी खुर्च्या मांडणं चाललं होतं. खुर्च्या मांडणाऱ्यांत मीही होते. ते काही केल्या मनातून जाईना. मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "जानेवारीत आमच्या गावी चल. खंजिरी भजनाची स्पर्धा असते. राबायला माणसं कमीच पडतात."

तिचं माहेर अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात. आम्ही गणेशपेठ स्थानकावरून अमरावतीची एसटी धरली. कोंढाळी, कारंजा, तळेगाव मागे पडलं. रस्त्याकडेचे संत्र्यांचे ढीग सरत आले होते, शेतात तूर वाळायला लागली होती. वर्धा नदीचा पूल ओलांडला की वऱ्हाड सुरू होतं. हे नकाशाआधी कानाला कळतं, कारण बसमध्ये चढणाऱ्यांची बोलीच बदलते.

मोझरीला उतरून आधी गुरुकुंजात गेलो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हा आश्रम १९३५ साली उभारला. त्यांचा जन्म १९०९चा, याच जिल्ह्यातल्या यावलीचा. १९६८मध्ये त्यांचं निर्वाण झालं. दरवर्षी पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी इथे मौन श्रद्धांजली असते आणि त्यासाठी गावोगावची माणसं जमतात. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र समाधीपाशी चार-पाच जणच होते. हातात खंजिरी घेऊन महाराज खेड्यापाड्यांतून फिरले. साफसफाई, व्यसनमुक्ती, गावाची एकी हे सगळं त्यांनी भजनातून सांगितलं. म्हणून इकडे खंजिरी नुसतं वाद्य नाही, घरातल्या माणसासारखी आहे.

तिथून काळीपिवळीने गाव गाठलं. मैत्रिणीच्या बाबांनी, म्हणजे काकांनी, पाणी प्यायच्या आधीच नोंदणीची वही माझ्या हातात दिली. पुरुष, महिला आणि बाल असे तीन गट. एकूण २७ मंडळं. प्रत्येकाला १२ मिनिटं, त्यात दोन भजनं, त्यातलं एक राष्ट्रसंतांचं हवंच. खंजिरी सक्तीची. अकरा मिनिटांना एक घंटी, बारा झाली की दोन. घंटीही माझ्याकडेच आली.

चूक माझ्याच हातून झाली. इकडच्या बहुतेक मंडळांचं नाव एकच असतं, श्रीगुरुदेव सेवा भजन मंडळ, पुढे फक्त गाव वेगळं. बालगटात तेच नाव दुसऱ्यांदा आलं तेव्हा मला वाटलं, नोंद दोनदा झाली. मी ती ओळ खोडली. गावाचं नाव पाहिलंच नाही.

सात वाजता एक मुलगी टेबलाशी आली. असेल बारा वर्षांची. डोक्यावर भगवी टोपी, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. "ताई, आमचं नाव राह्यलं का? लहान पोट्ट्या झोपून राह्यल्या." मी वही उघडली आणि माझीच काट दिसली. घशाला कोरड पडली. पुढची मंडळं दुपारपासून ताटकळत होती, त्यांच्यामध्ये कुणाला घुसवणं बरं नव्हतं. परीक्षकांशी बोलून काकांनी या मुलींना शेवटचा नंबर दिला. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "होते ताई," आणि सरळ शेकोटीकडे गेली.

तिथे ती काय करते ते मी बघत राहिले. खंजिरीची लाकडी कड, त्यात बसवलेल्या पितळी चकत्या, एका तोंडाला बकरीचं कातडं. दव पडायला लागलं की कातडं ढिलं पडतं आणि आवाज बसतो. ती खंजिरी जाळापासून वीतभर वर धरून सावकाश गोल फिरवायची. मग कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारायची. मान हलवायची, परत धरायची. जास्त तापली तर कातडं फाटतं, म्हणून मधूनमधून तळहात लावून बघायची. सातव्या-आठव्या टिचकीला तिला हवा तो आवाज मिळाला आणि तिने खंजिरी शालीत गुंडाळून पोटाशी धरली.

जेवणं मधल्या वेळात उरकली. वांगे-सोल्यांची भाजी आणि ज्वारीची भाकर. ओल्या तुरीचे दाणे असे भाजीत पडले की दुसरं काही नको वाटतं.

रात्री दहा वाजता साऊंडवाल्याने माइक बंद केला. कायदाच आहे, दहानंतर लाऊडस्पीकर नाही. शेवटचं मंडळ तेवढं राहिलं होतं, आणि ते याच मुलींचं. मला रडू येईल असं वाटलं. काका उठले आणि मंडपातल्या माणसांना म्हणाले, "सरका बरं समोर. पोट्ट्या गाऊन राह्यल्या."

आणि माणसं सरकली! खुर्च्यांवरची म्हातारी मंडळी उठून सतरंजीवर येऊन बसली. बायका झोपलेली लेकरं खांद्यावर टाकून पुढे आल्या. आधीच बक्षिसासाठी गाऊन झालेल्या मंडळांची माणसंसुद्धा थांबली होती. पेटीचा सूर लागला. खंजिरीला तर माइकची गरजच नव्हती, पहिल्या थापेलाच ती खणखणीत वाजली. मुलीने सूर जरा वरच धरला होता. अंतऱ्यात आवाज ताणला गेला तेव्हा मागून साथ धरणाऱ्या पोरींनी ओळ उचलली, आणि त्या ओळीवरून ती पुन्हा आपल्या जागेवर आली. समोर दीडेकशे माणसं होती, पण खोकलासुद्धा ऐकू आला नाही.

घंटी माझ्या मांडीवर होती. अकरा मिनिटांना एक वाजवली. बारा झाली तेव्हा वाटलं, आज जाऊ द्यावं. पण सव्वीस मंडळांना जो नियम लावला तोच यांनाही लावायचा, नाहीतर त्यांचं गाणं कौतुकापुरतं उरलं असतं. दोन वाजवल्या. तिने ओळ नीट पूर्ण केली, खंजिरी कपाळाला लावली आणि उठली.

साडेदहाला त्यांचा छोटा हत्ती निघाला. हौद्यात शाली, पेटी आणि एकमेकींवर रेललेल्या पोरी. ती मागच्या फळीशी बसली होती. "ताई, पुढच्या वर्षी गावाचं नाव मोठ्ठं लिहा!"

सकाळी काकांनी पुढच्या वर्षीची कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर माझ्याकडूनच लिहून घेतलं : आधी गाव, मग मंडळाचं नाव.