अर्धी गच्ची पांढरी : भुसावळच्या घरातील उन्हाळी नोंदी

भुसावळात एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या आसपास रेंगाळू लागला की घरातील उकाड्याचा सर्वांत मोठा वाटा डोक्यावरच्या स्लॅबमधून येतो. पाच इंची काँक्रीट दिवसभर ऊन शोषते आणि सूर्य मावळल्यावर तीच उष्णता खालच्या खोल्यांत सोडत राहते. जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या जाड थरामुळे ही उष्णता खाली उतरेपर्यंत रात्रीचा गारवा सुरू झालेला असे. आपल्या स्लॅबला तेवढी सवड नाही. म्हणून यंदाचा पहिला खर्च मी यंत्रांवर न करता गच्चीवर केला, आणि फरक मोजता यावा यासाठी मुद्दाम अर्धीच गच्ची पांढरी केली.

कळीचा चुना रात्रभर भिजवून गाळून घेतला आणि त्यात पांढरे सिमेंट व थोडे फेविकॉल मिसळले. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्या क्रियेला ओल लागते. भर उन्हात मारलेला चुना आधीच सुकतो आणि पायाखाली भुकटी होऊन निघतो. त्यामुळे होळीच्या सुमारास, ऊन उतरल्यावर, दोन हात दिले आणि पुढे काही सकाळी हलके पाणी शिंपडले.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजले, तेव्हा दुपारी तीन वाजता उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग 61 अंश, तर पांढऱ्या भागाचा 46 अंश होता. संध्याकाळी खोल्यांच्या छताला आतून अनुक्रमे 42 आणि 37 अंश आढळले. उघड्या स्लॅबखालच्या खोलीला पश्चिमेची भिंतही आहे, त्यामुळे या पाच अंशांचे सगळे श्रेय चुन्याला देणे योग्य होणार नाही. वावटळीनंतर धूळ बसली की पांढरेपणाचा गुण कमी होतो, म्हणून अधूनमधून झाडू मारावाच लागतो. हा थर पावसाळ्यात बराचसा धुऊन जाईल, पण इतक्या कमी खर्चात दरवर्षी तो नव्याने देण्यास माझी हरकत नाही.

सावलीसाठी गच्चीवर पऱ्हाटी रचण्याचा सल्ला अनेकांनी दिला. खानदेशात ती फुकट मिळत असली तरी मी तो मानला नाही, कारण आगीचा धोका आहेच. शिवाय कापसाच्या वाळक्या काड्या-बोंडांत गुलाबी बोंडअळीचे कोष राहतात आणि पुढच्या हंगामात शेजारच्या शेतांना त्याचा त्रास होतो. त्याऐवजी पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर अंतरावर सुतळ्या ताणून फेब्रुवारीत गिलक्यांचे वेल लावले आहेत. भिंतीवर निम्म्याहून अधिक सावली पडू लागली आहे, आणि गिलकी खाऊन घरचे कंटाळले आहेत.

एसी घेतलेला नाही. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो: बाहेर 42 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असताना चांगल्या जाळ्यांतून साधारण 27-28 अंशांची हवा मिळू शकते, तीही सुमारे 200 वॅटमध्ये, तर दीड टनाचा एसी चालू असताना 1500 वॅटच्या आसपास वीज घेतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी, अन्यथा खोलीत दमटपणा साठतो आणि कूलर निरुपयोगी ठरतो. बोअरच्या जड पाण्याने जाळ्यांवर क्षार चढतात, म्हणून टाकीतले पाणी वेळोवेळी पूर्ण बदलून ते फरशी पुसण्यास वापरतो. जुलैत हवा दमट झाली की कूलरची मदत संपते आणि भिस्त पंख्यावर येते. जुना पंखा 75 वॅटचा होता, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) 30 वॅटचा आहे. रोज बारा तास धरले तरी महिन्याला एका पंख्यामागे 16 युनिट वाचतात.

सौर पॅनेल मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. घराच्या छतावरील सौर संचांसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट 30,000 रुपये आणि 3 किलोवॅट व त्यापुढे एकूण 78,000 रुपये अनुदान मिळते, हे आकर्षक आहेच. परंतु आधी वापर घटवला तर लहान संच पुरतो आणि स्वतःच्या खिशातली रक्कमही आटोक्यात राहते. एक किलोवॅटचा संच सरासरी दिवसाला चार युनिट देतो, असा माझा हिशेब आहे. पॅनेल तापले की त्याची क्षमता घसरते, त्यामुळे खालून वारा खेळेल इतक्या उंचीच्या सांगाड्यावर ते बसवणार आहे. हा सांगाडा उघड्या राहिलेल्या अर्ध्या भागावर येईल, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात चुन्याच्या पांढऱ्या थराची तुलना पॅनेलच्या सावलीशी करता येईल.