मोगाओची लेणी: गणपती बघायचा होता

चीनमधल्या दुनहुआंगला निघताना माझ्या वहीत एकच नंबर अधोरेखित केलेला होता: २८५. दुनहुआंगजवळच्या मोगाओच्या बौद्ध लेण्यांपैकी या नंबरच्या लेण्यात इ. स. ५३८-३९ चे लेख आहेत आणि पश्चिमेच्या भिंतीवर बैलावर बसलेला महेश्वर. त्याच्या खाली कार्तिकेय आणि चक्क गणपती! आईला एवढं पुरलं. "गोबीच्या वाळवंटात बाप्पा? चल, मी येते."

गाइडने पहिल्याच मिनिटाला पाणी फिरवलं. २८५ हे 'विशेष' लेण्यांपैकी. त्याचे पैसे वेगळे, आणि त्या दिवशी ते बंदच. कुठली लेणी दाखवायची ते गाइड ठरवते. आपल्या यादीला तिथे किंमत नाही, हे मनाशी धरूनच जा.

त्याआधी एक चूक आमचीही झाली. बुलेट ट्रेनचं तिकीट ल्यूयुआन साउथचं काढलं आणि उतरल्यावर कळलं, दुनहुआंग अजून शंभरावर किलोमीटर लांब. टॅक्सीत जवळपास दोन तास गेले. दुनहुआंग नावाचं वेगळं स्टेशन आहे, विमानतळही आहे. तिकीट काढताना नाव नीट वाचा.

लेण्यांचं तिकीट महिनाभर आधी ऑनलाइन काढावं, उन्हाळ्याच्या सुट्टीत तर नक्कीच. हंगामात 'ए' तिकीट २३८ युआन; परदेशी भाषेतला गाइड हवा तर थोडे जास्त. त्यात दोन फिल्म, बस आणि आठ लेणी. तिकिटावर पासपोर्टचा नंबर असतो, म्हणून मूळ पासपोर्ट जवळ हवाच. आधी शहराजवळच्या डिजिटल सेंटरला पोचायचं, तिथून बस लेण्यांकडे नेते. फिल्म टाळू नका. आत दिवे नाहीत, गाइडच्या बॅटरीचा झोत फिरेल तेवढंच दिसतं. आधी पडद्यावर पाहिलेलं तेव्हा कामी येतं. फोटो अजिबात नाही.

अजिंठा डोक्यात घेऊन गेलात तर पहिला धक्का दगडाचा. इथला कडा गोट्या-वाळूचा, भुसभुशीत. त्यात बारीक कोरीव मूर्ती जमत नाही. म्हणून लाकडाचा सांगाडा, त्यावर गवत बांधून मातीचे लेप, वर रंग. म्हणजे आपल्या गणपतीच्या कारखान्यासारखंच, फक्त विसर्जन नाही! ९६ नंबरचा ३५.५ मीटर उंच बुद्धसुद्धा आतून कड्याच्याच ढोबळ दगडाचा आणि वरून मातीचा.

एका जुन्या लेण्यात आईने विचारलं, "अरे, यांची नाकं पांढरी का?" खरंच, चेहरे काळपट आणि नाक-डोळे मात्र पांढरे. चेहऱ्याच्या रंगात मिसळलेलं शिसं शतकांनी काळवंडलं, पांढरा रंग तसाच राहिला. चित्रकाराने कातडी गुलाबी रंगवली होती. आपण बघतो ते रसायनाचं काम.

१७ नंबर म्हणजे १६ नंबरच्या बोळातली एक छोटी खोली. १९०० मध्ये वांग युआनलू या ताओ साधूला तिथे हजारो हस्तलिखितं सापडली. १९०७ मध्ये ब्रिटिश संशोधक स्टाइन आला, पुढच्या वर्षी फ्रेंच संशोधक पेलिओ, आणि गठ्ठे लंडन-पॅरिसला गेले. ८६८ सालची छापील वज्रच्छेदिका (एक बौद्ध सूत्र) आज लंडनमध्ये आहे. इथे रिकाम्या खोलीत एका भिक्षूचा पुतळा बसलाय. आम्ही दाराशी अर्धा मिनिट उभे असू, मागून पुढची तुकडी आलीच.

आता बाप्पा. लेण्यांसमोरच्या प्रदर्शन केंद्रात काही लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती आहेत, त्यात २८५ पण. उजेड भरपूर, घाई नाही. आईने चष्मा पुसून महेश्वराच्या खालची आकृती शोधली, सोंड ओळखली आणि हात जोडले. बहुतेक लोक दमून थेट परतीच्या बसकडे जातात; तुम्ही तास-दीड तास राखून ठेवा.

बाकी किरकोळ: घड्याळ बीजिंगचं, त्यामुळे उन्हाळ्यात नऊलाही उजेड असतो; जेवणाची वेळ चुकते. गूगल चालत नाही, नकाशा आणि भाषांतराचं ॲप आधीच उतरवून घ्या. पैसे देण्यासाठी अलीपे या ॲपला घरूनच कार्ड जोडा. शाकाहारींनी चिनी अक्षरांतली चिठ्ठी फोनमध्ये ठेवावी आणि त्यात 'मांसाचा रस्साही नको' हे स्पष्ट लिहावं, कारण इथले प्रसिद्ध पिवळे नूडल्स गाढवाच्या मांसाबरोबर मिळतात. जर्दाळूचं थंड सरबत मात्र बिनधास्त प्या. आईने तीन ग्लास घेतले.