नवतपा, पातळ कवच आणि बोडक्या मानेचा कोंबडा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला आणि माझ्या ग्रामप्रियाच्या (जास्त अंडी देणारी सुधारित कोंबडी) अंड्यांचं कवच परत पातळ झालं, सुरुवातीला एक तर खुराड्यातून उचलतानाच बोटात पिचकलं. कूलर सुरू आहे, वाळा रोज भिजवून राहिलो, पण नागपुरात पारा ४५ च्या वर गेल्यावर कूलर तरी काय करणार, दुपारभर सगळ्या चोची उघड्या आणि पंख अंगापासून दूर.

चीड याची येते की त्याच खुराड्यातल्या गावरान तलंगा (तरुण कोंबड्या) मजेत आहेत. अंडं लहान, ३५-४० ग्रॅमचं, पण टणक! कोंबडी धापली की श्वासातून कार्बन डायऑक्साइड भसाभस निघून जातो, मग कवचासाठी लागणारं बायकार्बोनेट रक्तात कमी पडतं, वरून गर्मीत दाणा खात नाही म्हणजे कॅल्शियमचीही बोंब. लहान अंगाच्या कोंबडीला वजनाच्या मानानं कातडी जास्त, गर्मी पटकन निघते, त्यामुळं ती धापते कमी. वनराजा ही मोठ्या अंगाची सुधारित जात मी याच कारणानं घेत नाही, वजन मस्त धरते पण मे महिन्यात नुसती पसरून पडते.

फीडवाला महागडं टॉनिक गळ्यात मारत होता, ते नाही घेतलं. काम केलं ते शिंपल्यांच्या चुऱ्यानं. अंड्यावर कवच चढायला २० तासांच्या आसपास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री होतं, म्हणून चुरा सकाळच्या दाण्यात न मिसळता दिवस मावळायच्या आधी वेगळ्या कटोऱ्यात ठेवला. ग्रामप्रिया तुटून पडल्या, गावरान बायांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दाणाही आता पहाटे आणि संध्याकाळीच, दुपारी फक्त माठाचं पाणी. परवापासून एकही पिचकलं नाही, तरी खरबरीत येतातच अजून.

एक खुशखबर पण आहे. कडकनाथ बाप अन् गावरान माय, त्यातला पहिला कोंबडा कापला. सावजी रश्श्यात मस्त शिजला, तरी मांस हाडाला धरून होतं, ब्रॉयलरचा तर लगदा होतो बे. रंग काळपट निघाला म्हणून आईनं आधी नाक मुरडलं आणि मग दोनदा वाढून घेतलं. पण नुसता कडकनाथ अंड्यासाठी नाही परवडत, वर्षाला ८०-१०० अंडी, खुडूकही क्वचितच होते, म्हणजे पिल्लं काढायला गावरानच बसवावी लागते. ग्रामप्रिया परसात १६०-१८० देते पण तीही अंड्यांवर बसत नाही, अन् मांसाला नर बारीकच भरतो.

प्लॅन होता की पावसाळ्यात कॅरी श्यामा आणायची, तीही कडकनाथचाच क्रॉस. पण हे टाइप करता करता वाटून राहिलं की बोडक्या मानेचा कोंबडा का नाही? मान बोडकी करणारा जीन आई-बापापैकी एका बाजूनं आला तरी पिसं साधारण २० टक्के कमी, दोन्हीकडून आला तर ४० च्या आसपास, म्हणजे आपल्या उन्हाळ्यासाठीच बनवल्यासारखा. गावरान माद्यांवर सोडला की माय खुडूक होणारी, पिल्लांना गर्मी कमी, वजनही बरं, आणि श्यामा गेली उडत.

फक्त निवडताना मानेच्या खाली पुढून पाहायचं. तिथं पिसांचा गुच्छा असला तर जीन एकच, निम्मीच पिल्लं बोडकी निघतील. मान साफ असली तर सगळी. बुधवारी बाजारात दिसतात ते बहुतेक गुच्छावालेच. नागपूर-वर्ध्याकडं कोणाकडं साफ मानेचा, रानीखेत रोगाची लस झालेला नर असला तर सांगा, बदल्यात तलंगा देतो.